फाळक्यांची रिळं आणि आपल्या हार्डडिस्क

दादासाहेब फाळके हे नाव घेतलं की तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं? बहुतेकांचं उत्तर एकच असणार, पुरस्कार! बातम्यांमध्ये नाव येतं, स्टेजवर कुणीतरी ज्येष्ठ कलाकार शाल पांघरून उभा असतो, मेसच्या टीव्हीसमोर आपण दोन टाळ्या वाजवतो आणि चॅनल बदलतो. माझंही तेच होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे एडिसन झाला, लुमिए बंधू झाले, पण त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके सिलॅबसमध्ये कुठे भेटला नाही. इंजिनिअरिंगला आल्यावर भेटला, आणि भेटला तो डायरेक्टर म्हणून नाही, तर आपल्यासारखाच एक मशीनवेडा माणूस म्हणून.

फाळक्यांवर लिहिणारे बहुतेक लोक त्यांच्या कलेबद्दल लिहितात. ते बरोबरच आहे. पण मला त्यांच्या आयुष्यात एक दुसराच प्रश्न दिसला, आणि तो आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात, मोबाईलमध्ये आहे. जवळपास शंभर सिनेमे बनवणाऱ्या माणसाचं काम आज आपल्याला का पाहता येत नाही? ते गेलं कुठे? आणि आपलं जाऊ नये म्हणून काय करायचं? तर आधी त्यांची गोष्ट.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि सगळं कुटुंब मुंबईला आलं. घरची परंपरा पाहता मुलाने पोथ्या वाचायच्या, पण मुलाच्या हातात ब्रश! १८८५ मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून बडोद्याला गेले आणि कलाभवनमध्ये पेंटिंग शिकता शिकता फोटोग्राफीत शिरले. कलाभवनचे प्रमुख होते प्रा. गज्जर, केमिस्ट्रीचा माणूस. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला स्टुडिओ आणि डार्करूम वापरायची मोकळीक दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर लॅबची चावीच हातात दिली. अशी चावी योग्य वेळी मिळाली तर माणसाचं काय होऊ शकतं, ते पुढे दिसतंच.

फाळके एका जागी टिकणारे नव्हते. त्यांनी हाफटोन ब्लॉक बनवणं, फोटोलिथोग्राफी, छपाईच्या नाना पद्धती शिकून घेतल्या. अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांच्या थिएटरच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं. मग गोध्र्याला जाऊन फोटो स्टुडिओ टाकला. बरं चाललं होतं. पण त्या काळात प्लेगने थैमान घातलं होतं. त्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघंही गेली. हे एका ओळीत वाचून आपण पुढे जातो, पण जरा थांबून विचार करा. तिशीतला माणूस, सगळं संपलेलं. ते परत बडोद्याला आले. नाटकांचे पडदे रंगवले. एका विदेशी जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकले आणि आपलं आडनाव उलटसुलट करून प्रोफेसर केळफा या नावाने स्टेजवर जादू दाखवली! १९०२ मध्ये त्यांचं दुसरं लग्न झालं. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, कारण या गोष्टीतली माझी हिरोइन त्याच आहेत.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची सरकारी नोकरी लागली. आपल्या घरच्यांनी पेढेच वाटले असते. फाळक्यांनी मात्र काही वर्षांतच ती सोडली. स्वदेशीचं वारं होतं, आणि डोक्यात छापखाना. लोणावळ्याला त्यांनी एनग्रेव्हिंग आणि प्रिंटिंगचा धंदा सुरू केला, राजा रविवर्मांच्या प्रेससाठी लिथोचं काम केलं. पुढे छापखाना दादरला आला, भागीदार मिळाले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला जाऊन आले. धंदा जोरात असतानाच भागीदारांशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले. वय चाळीस, हाती काही नाही.

आणि मग आला १९११ चा ईस्टर. मुंबईत गिरगावातल्या एका तंबूच्या थिएटरमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म पाहिली. पडद्यावर येशू चालतोय आणि यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण! सिनेमा भारतात १८९६ पासूनच दाखवला जात होता. मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलैला लुमिएंच्या फिल्म्स दाखवल्या गेल्या होत्या. पण आपल्या गोष्टी, आपल्या माणसांनी, आपल्या यंत्रावर बनवायच्या, हे वेड फाळक्यांचं. पुढचे कित्येक महिने ते रोज सिनेमे पाहत होते, हाताला लागेल ते पुस्तक वाचत होते, घरी प्रयोग करत होते. इतके की काही काळ त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली आणि गडी पुन्हा तिथेच!

पुढचं पाऊल लंडन. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते निघाले. तिथे ओळखपाळख कुणाशी? कुणाशीच नाही. थेट एका सिनेमाच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात जाऊन संपादकांना भेटले. त्यांनी सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली आणि हेपवर्थने आपला स्टुडिओ मोकळेपणी दाखवला. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, प्रिंटिंगचं सामान घेतलं, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि ते परत आले. दोन महिन्यांचा क्रॅश कोर्स!

आता सिनेमाला पैसा कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्यासमोर कॅमेरा मांडला. महिन्याहून जास्त दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. नंतर ती फिल्म चालवली तर थोड्याच वेळात बी फुटून, कोंब येऊन, वेल तरारून वर! आज आपण मोबाईलवर टाइमलॅप्स करतो ना, तेच, १९१२ मध्ये, दादरला. ही ‘अंकुराची वाढ’ पाहिली आणि पैसे लावायला माणूस तयार झाला. मला यातलं इंजिनिअरिंग फार आवडतं. लंबंचौडं प्रेझेंटेशन नाही, आधी वर्किंग मॉडेल!

तरीही पैसे कमीच. तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण गेले. पण त्यांचं योगदान दागिन्यांपुरतंच आहे असं समजू नका. घर हाच स्टुडिओ होता, दादरच्या मेन रोडवर (आज त्या रस्त्याला फाळक्यांचंच नाव आहे). दिवसा सूर्यप्रकाशात शूटिंग आणि रात्री घरातच फिल्म धुणं. सरस्वतीबाई केमिकल्स मिसळायला शिकल्या, फिल्म डेव्हलप करायला शिकल्या, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून रिफ्लेक्टर झाल्या, आणि वर पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक! कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची. अंधाऱ्या खोलीत, हाताने यंत्र चालवून तिला भोकं पाडायची, तेही काम त्यांचं.

इथे मला राहवलं नाही आणि मी कॅलक्युलेटर काढला. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंना चार-चार, म्हणजे आठ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा. म्हणजे ५९,२०० चित्रं आणि ४,७३,६०० भोकं! ही फक्त एका प्रतीची. यंत्र एका दाबात एकापेक्षा जास्त भोकं पाडत असेल, मान्य. तरी एका भोकाची जागा चुकली की पडद्यावर चित्र उडणार. आपल्याला मशीन ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स शिकवतात तेव्हा जांभया येतात. त्या बाई डिग्रीशिवाय, अंधारात, टॉलरन्स सांभाळत होत्या.

नायिकेचं काम करायला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, आणि फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदास. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. (त्याआधी १९१२ मध्ये दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ आला होता, म्हणून पहिला कोण यावर वाद चालतो. पण ‘पुंडलिक’ची फिल्मच आज उरलेली नाही, त्यामुळे समोरासमोर ठेवून पाहायची सोयच नाही! आपल्या मूळ प्रश्नाची ही पहिली चुणूक.)

नंतर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये फाळके सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले, तिथे कौतुक झालं, आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. भांडवल आटलं. पण १९१७ च्या ‘लंकादहन’ने कमाल केली. त्यात राम पण साळुंके आणि सीता पण साळुंकेच! तिकिटांचे पैसे बैलगाडीतून न्यावे लागले, असं सांगतात. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आला, १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ आला, त्यात छोटा कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. आणि पुन्हा तेच, भागीदारांशी मतभेद. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. नंतर कंपनीत परतले खरे, पण पगारावर. ज्या धंद्याची वीट त्यांनी रचली, त्यात ते नोकरदार झाले.

१९३१ मध्ये सिनेमा बोलायला लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून बनला आणि मग त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा आणि एकमेव बोलपट, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. त्यानंतर नाशिकला शांत, जवळजवळ विस्मरणात गेलेलं आयुष्य. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते गेले. पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, म्हणजे त्यानंतर पंचवीस वर्षांनी.

आता तो मूळ प्रश्न. फाळक्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट आणि पंचवीसच्या वर लघुपट सांगितले जातात. आज उरलंय काय? ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग, ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’ वगैरेंचे काही तुकडे, आणि सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्म, ज्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. थोडक्यात, चमचाभर. फाळक्यांचंच असं झालं असंही नाही. भारतात मूकपटांच्या काळात हजारावर सिनेमे बनले, त्यातले पाहण्याजोगे उरलेत तीस-एक.

का बरं? पहिलं कारण मटेरियल. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. केमिस्ट्रीवाल्यांना सांगायला नको, हिचा सख्खा भाऊ म्हणजे गनकॉटन, स्फोटक! नायट्रेट फिल्म एकदा पेटली की स्वतःच ऑक्सिजन पुरवते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी जळत राहते. आणि नाही पेटली तरी हळूहळू कुजते. आधी चिकट होते, मग भुकटी. आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा तर तिला मानवणाराच नाही. दुसरं कारण पैसा. फिल्मवरच्या लेपात चांदी असते. जुना सिनेमा चालेनासा झाला की चांदी काढण्यासाठी रिळं विकली जायची. तिसरं कारण वापर. तीच प्रत गावोगाव फिरायची, दर खेळाला ओरखडे, तुटणं, जोडणं.

चौथं कारण मला सगळ्यात चटका लावून गेलं. १९१७ मध्ये फाळक्यांनी नाशिकला हरिश्चंद्राची कथा पुन्हा चित्रित केली. आज ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आपल्याकडे जी १४७५ फूट फिल्म आहे, साधारण पंचवीस मिनिटांची, ती १९१३ ची की १९१७ ची यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. अनेकांच्या मते ती १९१७ चीच. म्हणजे बघा, ज्या सिनेमाचा आपण अभिमान बाळगतो, ज्याची शताब्दी आपण २०१३ मध्ये साजरी केली, त्याची एक फ्रेम तरी आपल्याकडे आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही!

जे उरलं ते कुणामुळे? १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं (२०२२ पासून ते एनएफडीसीचा भाग आहे). तिथले पी. के. नायर गावोगाव फिरून रिळं गोळा करायचे. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे नाशिकला उरलेली रिळं त्यांनी मिळवली, तुकडे लावले, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मवर प्रती निघाल्या. याची किंमत कळली ८ जानेवारी २००३ रोजी. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली. सहाशेवर चित्रपटांची मूळ रिळं काही तासांत राख झाली. पण ज्यांच्या प्रती दुसऱ्या फिल्मवर, दुसऱ्या ठिकाणी होत्या, ते सिनेमे आपण आजही पाहू शकतो. ज्यांच्या नव्हत्या, ते संपले.

हे वाचताना मला आमचं मॅगझिन कमिटीचं कपाट आठवलं. जुन्या गॅदरिंगच्या सीडी-डीव्हीडी तिथे रचून ठेवल्यात. काही वाचल्या जात नाहीत, काहींवर नुसतं ‘फायनल’ लिहिलंय. फायनल कशाचं, कोणत्या वर्षाचं, देव जाणे! त्यात आमच्या वर्कशॉपचे मामा आता रिटायर होणार. लेथवर त्यांचा हात कसा चालतो हे पोरांनी मोबाईलवर शूट करून ठेवलंय, पण ते सगळं आहे फायनल इयरवाल्यांच्या फोनमध्ये, आणि फायनल इयरवाले मे महिन्यात जाणार. फोनबरोबर मामाही जाणार. म्हणून ठरवलं, साठवणीचं गणित नीट मांडायचं, तेही हॉस्टेलच्या बजेटमध्ये.

आधी लागते किती जागा? मोबाईलवर १०८० पीमध्ये एका मिनिटाला साधारण १३० एमबी, म्हणजे तासाला सुमारे ८ जीबी. तीन तासांचं गॅदरिंग २४ जीबी. चार-चार एमबीचे दोन हजार फोटो म्हणजे आणखी ८ जीबी. एका वर्षाला ३२ जीबी. १ टीबीची हार्डडिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते, म्हणजे तिच्यात एकोणतीस वर्षांची गॅदरिंग मावतात! ४के हवं असेल तर वर्षं कमी करा. मुद्दा हा की जागा ही आपली अडचण नाहीच, सवय ही अडचण आहे.

मग ठेवायचं कशावर? पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड हे ने-आण करण्यासाठी, साठवण्यासाठी नव्हे. ते हरवतात, आणि स्वस्तातले तर कधीही दगा देतात. डीव्हीडी चांगली ठेवली तर टिकते, पण नव्या लॅपटॉपला तो ड्राइव्हच नसतो. एसएसडी वेगवान, पडली तरी सहसा काही होत नाही, पण प्रति जीबी महाग. शिवाय ती करंट न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर आतला चार्ज गळत जातो, म्हणजे कपाटासाठी ती योग्य नाही. साधी फिरती हार्डडिस्क प्रति जीबी सगळ्यात स्वस्त, फक्त आपटू द्यायची नाही, आणि कधी ना कधी ती जाणारच हे धरून चालायचं. ऑनलाइन साठवण सोयीची, पण गुगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात मेलही आलं. गुगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट साठवायची सोय जून २०२१ मध्ये बंद झाली. दोन वर्षं न उघडलेलं खातं पुसलं जाऊ शकतं. कॉलेजच्या मेल आयडीवर ठेवाल तर पास आउट झाल्यावर तो आयडी राहील का, हे आधी विचारा.

म्हणजे एकही वस्तू भरवशाची नाही. मग भरवसा येतो कुठून? प्रतींमधून. जगभरचे फोटोग्राफर ३-२-१ चा नियम पाळतात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक वेगळ्या जागी. मला तर हा नियम फाळक्यांच्या चरित्रातूनच निघाल्यासारखा वाटतो. सगळं नायट्रेटवर होतं, म्हणून साधनं दोन. एका आवारात आग लागली, म्हणून एक प्रत लांब. फिरवून फिरवून प्रत झिजली, म्हणून मूळ फाइल बाजूला आणि एडिटिंगला कॉपी. १९१३ की १९१७ हे कळेना, म्हणून फाइलच्या नावात तारीख, कार्यक्रम आणि शूट करणाऱ्याचं नाव. ‘फायनल’ आणि ‘न्यू फायनल’ बंद!

आणखी दोन गोष्टी. फोनमधलं आपोआप ऑनलाइन जातं म्हणजे बॅकअप झालाच असं समजू नका. अनेकदा इकडे डिलीट केलं की तिकडेही डिलीट होतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो हा नेहमीच्या पद्धतीने पाठवला असेल तर दाबून लहान केलेला असतो, मूळ फाइल ज्याने काढली त्याच्याकडूनच घ्या. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या सुट्टीआधी, सगळ्या डिस्क लावून फाइल्स उघडून पाहा. कॉम्प्युटरवाल्यांनी चेकसम काढून ठेवला तर फारच उत्तम. आणि पाच-सहा वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवा. नायट्रेटवरून सेफ्टीवर, सेफ्टीवरून डिजिटलवर, असं उतरत आलं म्हणूनच ‘कालिया मर्दन’मधली ती छोटी मंदाकिनी आज आपल्या स्क्रीनवर कालियाच्या फण्यावर नाचते.

आमच्या कमिटीने ठरवलंय ते असं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या १ टीबीच्या हार्डडिस्क, एक कॉलेजच्या लायब्ररीत आणि एक रेक्टर सरांच्या कपाटात. निवडक फोटो आणि मामांचे व्हिडिओ ऑनलाइन. खर्च वर्गणीत विभागला तर माणशी एका वडापावाच्या आसपास येतो. जबाबदारी दरवर्षी सेकंड इयरच्या एकाकडे आणि थर्ड इयरच्या एकाकडे, म्हणजे एक गेला तरी दुसरा असेल. माणसांचाही बॅकअप लागतो!

फाळक्यांकडे हा पर्याय नव्हता. फिल्म महाग, कर्ज डोक्यावर, पुढच्या सिनेमाला पैसे नाहीत, तिथे मागच्या सिनेमाची जादा प्रत कोण काढून ठेवणार? आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी हे शोधत येईल, असं तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं. आपल्याला मात्र हे माहीत आहे, आणि आपल्याला कर्जही काढावं लागत नाही.

जाता जाता एकच सांगते. सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट शोधा. टेपला बुरशी लागायच्या आत आणि गावात कॅसेट चालवणारं शेवटचं दुकान बंद व्हायच्या आत ती डिजिटल करून घ्या. त्यात दिसणाऱ्या आजी-आजोबांची, मामा-मावशांची नावं एका कागदावर लिहून घ्या, कारण ती सांगणारी माणसं अजून आहेत. आणि एखाद्या रविवारी ती पंचवीस मिनिटं पाहा, १९१३ ची असोत की १९१७ ची. पाहताना चित्र जिथे स्थिर दिसेल, तिथे सरस्वतीबाईंनी अंधारात पाडलेल्या भोकांची आठवण ठेवा.